नकोसा दिवा

दिवाळीच्या तोंडावर माणसाने दिव्याला कंटाळावे, ही गोष्ट ऐकायला कशीशीच वाटते. घरोघर पणत्या भिजत घातलेल्या, आकाशकंदिलासाठी माळा उपसला जात असलेला, आणि अशा मंगल वेळी मी मात्र एक दिवा विझावा कसा या विवंचनेत! पण मी तरी काय करणार? तो दिवा देवापुढचा नव्हता, उंबरठ्यावरचाही नव्हता. तो होता माझ्या मोटारीत, वेगाच्या काट्याशेजारी. शेंगदाण्याएवढा, हळदीच्या रंगाचा, इंजिनाच्या आकृतीचा.

हा दिवा लागला म्हणून गाडी काही बंद पडत नाही, हीच त्याची खरी खोड. दूध उतू गेले तर निदान वास येतो, कुकर झाला तर शिटी होते. हा मात्र नुसता लागतो आणि लागलेलाच राहतो. न बोलता टक लावून पाहणाऱ्या शेजाऱ्यासारखा! बोलला असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

मी निमूटपणे पुण्यातल्या एका गॅरेजात गेलो. तेथल्या तरुणाने गाडीला आपले यंत्र जोडले, त्यावरचा आकडा वाचला आणि शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टराच्या गंभीर स्वरात सांगितले, “काका, ऑक्सिजन सेन्सर गेला.” मी आयुष्यभर मुलांना ऑक्सिजन शिकवला, पण माझ्याच मोटारीच्या धुराड्यात कोणी तो हुंगत बसलेला असतो, याचा मला पत्ता नव्हता. साडेचार हजार रुपये मोजून मी नवा सेन्सर बसवून घेतला. आमच्या सौभाग्यवती बरोबर होत्या. त्यांनी जुना सेन्सर मागून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला. “अहो, साडेचार हजारांच्या जागी होता तो. टाकून कसा द्यायचा?” असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

आठव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

आता गाडीचा ॲव्हरेजही पडला होता. सिग्नलला उभी राहिली की ती दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकी. आमच्या इमारतीत एक हितचिंतक राहतात. (प्रत्येक इमारतीत एक असतातच.) त्यांनी माझी कहाणी ऐकून घेतली, घरात जाऊन काळ्या चिकटपट्टीचे एक रीळ आणले, त्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या दिव्यावर चिकटवून दिला. “झालं!” ते म्हणाले. आणि खरे सांगू? मला खरोखरच बरे वाटले. दिसत नाही ते नाही, असे मानण्याची मनुष्याची शक्ती अगाध आहे!

अशा त्या पट्टी बांधलेल्या गाडीने, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, आम्ही उभयता आळ्याला निघालो. तेथल्या एका जुन्या सहकाऱ्याची पंच्याहत्तरी होती. जुन्नर तालुक्यातल्या या गावात मी उमेदीची अकरा वर्षे शिक्षक होतो. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी गावे मागे टाकीत गेले की नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर आळेफाटा लागतो. माळशेज घाटातून येऊन अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता तेथे आपल्या रस्त्याला छेद देतो, आणि त्याच रस्त्याने थोडे पूर्वेला गेले की आळे.

नारायणगाव आले तेव्हा मला खोडदची आठवण झाली. तेथून जवळच्या खोडद गावी आणि त्याच्या आसपास आकाशाकडे तोंड करून तीस प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली, मुंगीच्या पावलाहूनही क्षीण अशी रेडिओलहर त्या ऐकतात. मी सौभाग्यवतींना हे कौतुकाने सांगत होतो. त्या चिकटपट्टीकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, “तिकडे आभाळातलं ऐकतात. आपल्याला हातभरावरचं दिसत नाही.”

त्यांचे बोलणे पुरे होते न होते तोच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. फाट्यापर्यंत ती आली, हे तिचे उपकार. ट्रकांच्या रांगा, कांद्याच्या गोण्या आणि टोमॅटोचे क्रेट यांच्या गर्दीतून वाट काढीत मी तिला रस्त्याकडेच्या एका गॅरेजापुढे उभी केली. आतून पन्नाशीचा, केस पिकू लागलेला एक मिस्त्री हात पुशीत बाहेर आला, माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला, आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पायाला हात लावीत म्हणाला, “सर, ओळखलंत का?”

मी ओळखले. ओळखले म्हणूनच माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ही गोष्ट सांगायची तर आधी आळ्याचे माहात्म्य सांगायला हवे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा पुढे त्या चार भावंडांबरोबर निघाला. नेवाशाहून आळंदीला जाताना आळ्याच्या मुक्कामी त्याने देह ठेवला, आणि ज्ञानेश्वरांनी येथेच त्याला समाधी दिली, असे परंपरा सांगते. ती समाधी आजही आळ्यात आहे; तिच्यापुढे दिवा लागतो, यात्रा भरते. एका मुक्या जनावराच्या समाधीपुढे माणसे हात जोडून उभी राहतात, असे हे गाव.

आणि याच गावात, १९८६ साली, आठवीच्या भरल्या वर्गात मी एका मुलाला “रेड्या, खाली बस!” असे ओरडून सांगितले होते.

प्रसंग असा. तपासणीसाठी साहेब आलेले. मी धडा घेतला होता तो हवेतील ऑक्सिजनचा. थाळीत पाणी, पाण्यात जळती मेणबत्ती, तिच्यावर काचेची उपडी बरणी. मेणबत्ती विझते, बरणीत पाणी वर चढते. मग शिक्षकाने सांगायचे की, मुलांनो, हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. त्या काळी सगळीकडे असेच शिकवीत. मीही तसेच शिकवले. साहेबांनी मान डोलावली. आणि शेवटच्या बाकावरून हा पोरगा उठून म्हणाला, “सर, मी घरी करून बघितलं. दोन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढतं. बरणी तीच, हवा तेवढीच. मग दुसऱ्या मेणबत्तीला जादा ऑक्सिजन कुठून मिळाला?”

मला उत्तर येत नव्हते. ‘येत नाही’ म्हणायचे धैर्यही नव्हते. मी म्हटले, तुझे मोजण्यात चुकले. तो म्हणाला, शाईने खूण करून तीनदा मोजले. तेव्हा मी ते वाक्य उच्चारले. वर्ग हसला, साहेबही हसले. तो मुलगा खाली बसला आणि त्यानंतर माझ्या तासाला त्याने कधी तोंड उघडले नाही. पोरांनी मात्र त्याचे नाव ‘रेडा’ ठेवले, ते शाळा सुटेपर्यंत. दहावीनंतर तो भोसरीच्या एका गॅरेजात लागला, एवढे मला पुढे समजले होते.

आता तोच माझ्या गाडीचे बॉनेट उघडून उभा होता. त्याची आठवीतली मुलगी आमच्यासाठी चहा घेऊन आली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्ञानेश्वर रेड्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी तिकडे पाहण्याचे टाळले.

त्याने यंत्र जोडले. “पी शून्य एक सात एक,” तो म्हणाला. “म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातीय. सेन्सर तेच ओरडून सांगतोय. तुम्ही काय केलंत?”

“सेन्सर बदलला.”

तो हसला, पण माझ्या त्या वेळच्या हसण्यासारखे नव्हे. “करोनात आपण बोटाला चिमटा लावायचो ना, सर? आकडा खाली आला की लोक चिमटाच बदलायचे. तसं झालं हे.”

मी गप्प राहिलो. २०२१ च्या एप्रिलात आमच्या घरीही तो चिमटा झटकून झटकून पुन्हा लावला गेला होता. चिमट्याचे काहीच चुकले नव्हते.

मग त्याने डिकीतला जुना सेन्सर मागितला. वर्तमानपत्राची घडी उलगडताना आमच्या सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी वर्णन करीत नाही. दिसायला ही वस्तू स्पार्क प्लगची थोरली बहीण. टोकाला भोकाभोकांची धातूची टोपी, मागे चार तारा. तिने सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाच्या अगदी तोंडाशी डोके खुपसून बसायचे. त्याने टोक उजेडात धरून मला दाखवले. “फिकट करडं, तपकिरी आहे, म्हणजे तब्येत चांगली. काळी काजळी धरली असती तर पेट्रोल जास्त जातंय असं समजायचं. पांढरी भुकटी दिसली तर सिलिकॉन नाहीतर कूलंट पोटात गेलं. चकाकतं तेलकट असेल तर इंजिन ऑइल पितंय. टोक बघूनच निम्मं कळतं.”

नंतर त्याने जे केले, ते पाहून मी शिक्षक असल्याचे विसरलो. सेन्सर शेगड्यात घट्ट आवळला, काळ्या आणि करड्या तारेला व्होल्ट मोजायचे मीटर लावले, आणि गॅसच्या बत्तीची ज्योत टोकावर धरली. टोक लालसर होईपर्यंत काहीच नाही. आणि मग तो काटा जागा झाला! शून्यावरून चढत चढत ०.९ व्होल्टला जाऊन थांबला. ज्योत बाजूला घेतली, तो सरसर खाली. पुन्हा ज्योत, पुन्हा वर. तो मुका तुकडा शेगड्यात आवळलेल्या स्थितीत स्वच्छ बोलत होता.

“बघा सर. हा चांगला आहे. खबऱ्याला फाशी दिली तुम्ही, आणि चोर मोकळाच.”

ह्या खबऱ्याचे काम कसे चालते, ते आता मीच तुम्हाला सांगतो; कारण त्यामागचे शास्त्र मी एकदा घोकले होते. टोपीच्या आत झिर्कोनियम ऑक्साइडची, अंगठ्यात घालायच्या टोपणासारखी एक पोकळ चिनी मातीसारखी नळी असते. तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ मुलामा. बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर लागतो, आतल्या अंगाला आपली साधी हवा. ही नळी सुमारे तीनशे अंशांच्या पुढे तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विजेचा दाब. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास. भरपूर उरला असेल तर ०.१. तफावतीवरून दाब काढण्याचे समीकरण वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडले, आणि पुढे १९२० चे नोबेल त्याला मिळाले. बी. एस्सी.ला ते समीकरण आम्ही वेदासारखे पाठ केले होते. वेदासारखेच, म्हणजे अर्थ न कळता!

मोटारीला हे नाक लागले कशासाठी? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर अर्धवट जळालेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ही तिन्ही विषे मारण्यासाठी धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची एक भट्टी बसवतात. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. पण तिची मिजास अशी की, हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके असेल तरच ती तिन्ही विषांवर चालते. पूर्वी कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून मिस्त्री हे प्रमाण कानाने जुळवी. कान कितीही तयार असला तरी एवढा नेमकेपणा त्याला साधणार कसा? १९७६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा सेन्सर प्रथम व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत बसला. तो धूर हुंगून सांगतो, गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल थोडे वाढवतो किंवा घटवतो, आणि ही देवघेव क्षणोक्षणी चालू राहते. कन्व्हर्टरच्या पुढे एक सेन्सर आणि मागे दुसरा. पहिल्याने इंजिनावर नजर ठेवायची, दुसऱ्याने कन्व्हर्टरवर.

आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० सालच्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, त्याचा ह्या मंडळींना मोठाच दिलासा मिळाला. कारण शिसे कन्व्हर्टरला आणि सेन्सरला दोघांनाही विषासारखे. आता २०२० पासूनच्या नियमांमुळे नव्या स्कूटरी आणि मोटारसायकलीसुद्धा हे नाक घेऊन हिंडतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, म्हणजे इंधनाबरोबर थोडा ऑक्सिजनही आला. तेवढ्याने हवेचा हिशेब बदलतो, आणि हा बदल कॉम्प्युटरला कळवण्याचे काम पुन्हा याच धुरात बसलेल्या जिवाचे.

असो. चोर सापडायचा होता. त्याने इंजिन चालू ठेवून पडदा माझ्यापुढे धरला. सेन्सरची रेघ तळाशी ०.१ वर मेल्यासारखी पडलेली. निरोगी गाडीत ती सतत वरखाली नाचायला हवी. कॉम्प्युटर बिचारा नेहमीपेक्षा वीस-पंचवीस टक्के पेट्रोल जास्त ओतीत होता, तरी हवाच जास्त. “म्हणजे न मोजलेली हवा कुठूनतरी चोरवाटेनं आत शिरतीय,” तो म्हणाला, आणि त्याने मुलीकडून एक उदबत्ती मागून घेतली.

मला वाटले, आता देवाचे नाव! पण त्याने ती पेटवून इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या रबरी नळ्यांवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. (पेट्रोलच्या नळीपासून ती दूर ठेवायची हे त्याला पक्के ठाऊक होते, तुम्ही मात्र घरी हा प्रयोग करू नका.) धूर सरळ वर जात होता. एका बोटाएवढ्या जाड नळीच्या खालच्या अंगाला आल्याबरोबर तो वळला आणि सुईत दोरा ओवावा तसा आत ओढला गेला. तेथे रबर तडकले होते. त्याने त्या चिरेवर अंगठा दाबून धरला. पडद्यावरची मेलेली रेघ आधी एकदम वर उडाली, क्षणभर थांबली, आणि मग वर, खाली, वर, खाली अशी नाचू लागली. इंजिनाची धाप थांबली.

नव्या नळीचे आणि क्लिपांचे मिळून तीनशे वीस रुपये झाले.

काम करता करता त्याने ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मी तेथेच वहीत टिपून घेतल्या. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्या उपयोगी पडतील. दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जावे. पण तो लुकलुकू लागला तर वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर बाजूला घेऊन थांबवावी. इंजिन मिसिंग करते आहे, न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे, आणि तो वितळला तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च. यंत्रावर सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. आधी तारा पाहाव्यात. उंदरांना त्या फार आवडतात! मग त्याला तापवणाऱ्या हीटरचा फ्यूज, मग हवेच्या नळ्या, मग सायलेन्सरची गळती. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत येऊन खोटीच साक्ष देते. सेन्सर पेट्रोलने धुऊ नये, टोक पॉलिश कागदाने घासू नये. त्याच्या जोडणीत ग्रीस भरू नये. पुष्कळ सेन्सर आतली स्वच्छ हवा तारांच्या वाटेनेच घेतात, ती वाट बुजते. इंजिनाला लावायचे सिलिकॉनचे लुकण सेन्सरला चालणाऱ्या जातीचेच घ्यावे. काढायचा झाल्यास इंजिन किंचित कोमट असताना, तार जाईल अशी खाच असलेल्या बावीस नंबरच्या पान्याने काढावा; घालताना आट्यांना न चिकटण्याची पेस्ट लावावी, पण टोकाला तिचा थेंबही लागू देऊ नये. एवढे सांभाळले तर हा प्राणी लाख-दीड लाख किलोमीटर इमानाने चाकरी करतो. त्याला म्हातारपण येतेच; तेव्हा तो खोटे बोलत नाही, नुसता मंदावतो. रेघ नाचते, पण आळसावून. मग मात्र खुशाल बदलावा.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्गात दिवा लागला होता. शिकवण्यात कोठेतरी चीर आहे, एवढेच तो सांगत होता. आणि मी चिकटपट्टी लावली होती. वर्ग पुढे सुरळीत चालला. दिवा दिसत नव्हता, म्हणून मी समाधानात होतो.

“अरे,” मी म्हटले, “ते दोन मेणबत्त्यांचं तुझं बरोबर होतं. चूक माझी होती. आणि त्या दिवशी मी तुला जे म्हटलं...”

पाना हातात तसाच धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहत म्हणाला, “आळ्याच्या माणसाला रेडा म्हटलं तर त्यानं राग कशाला मानावा, सर? आम्ही त्याला हात जोडतो.” एवढे बोलून तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. मला वाटले, विषय संपला. तेवढ्यात आतूनच त्याचा आवाज आला. “पण पाणी का चढतं, ते काही तुम्ही सांगितलं नाहीत. मी दोन-तीन वर्षं वाट बघितली. मग सोडून दिलं.”

शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसल्या असत्या. हे वाट पाहणे मात्र मला सोसवेना.

मी त्याच्या मुलीला थाळी, लोणच्याची रिकामी बरणी आणि शेजारच्या दुकानातून दिवाळीच्या मेणबत्त्या आणायला सांगितले. गॅरेजच्या ओट्यावर, ट्रकांच्या आवाजात, तो राहून गेलेला तास मी घेतला. जळती मेणबत्ती भोवतालची हवा तापवते. तापलेली हवा फुगते. बरणी पाण्यात टेकवताना काठाखालून बुडबुडे निघतात, ते पाहा. ती हवा बाहेर निसटली. मेणबत्ती विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि पाणी वर ओढले जाते. दोन मेणबत्त्या हवा जास्त तापवतात, म्हणून पाणी जास्त चढते. ऑक्सिजन सगळा संपतो हेही खरे नाही. हवेत तो सुमारे एकवीस टक्के असतो, आणि सोळा टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती हार खाते. बरणीत तुझा हा सेन्सर बसवता आला असता, तर त्यानेच मला तेव्हा खोटे पाडले असते.

मुलीने स्केचपेनने बरणीवर खुणा केल्या. एका मेणबत्तीची एक, दोघींची दुसरी, वर. तिचा बाप हात पुशीत तेथे येऊन उभा राहिला होता. शाईच्या खुणेकडे तो बराच वेळ पाहत होता.

“मग तीन लावल्या तर?” मुलगी म्हणाली.

“लाव,” मी म्हटले. “बघू या.”

तिसरीचा निकाल लागेपर्यंत पंच्याहत्तरीच्या जेवणाची पंगत उठायची वेळ झाली होती. निघताना त्याने पैसे घ्यायला खळखळ केली, पण सौभाग्यवतींनी ते मुलीच्या हातात ठेवले. जुना सेन्सर मी त्याच्याकडेच ठेवला. त्याच्या हाताखालच्या पोरांना शिकवायला उपयोगी पडेल, असे तो म्हणाला. परतताना आम्ही रेड्याच्या समाधीपाशी उतरलो. त्या दगडापुढे मी अकरा वर्षांत कितीदा तरी हात जोडले असतील. या वेळी जरा जास्त वेळ उभा राहिलो.

गाडीत बसल्यावर प्रथम ती काळी पट्टी नखाने खरवडून काढली आणि मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू होण्याआधी क्षणभर तो हळदीच्या रंगाचा दिवा लागला, आणि इंजिन सुरू होताच विझला. निरोगी गाडीत तो असाच लागून विझावा लागतो, असे त्याने मला सांगितले होते. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही तर समजावे की कोणीतरी त्याचे तोंड बांधले आहे.

तेव्हापासून रोज सकाळी त्या एका क्षणाची मी वाट पाहतो. तो लागला की बरे वाटते.